सूर्यावरील क्षोभ आणि ध्रुवीय प्रकाश

ध्रुवांभोवतीच्या प्रदेशांत रात्रीच्या आकाशात हिरवट, तांबूस अथवा जांभळट प्रकाशाचे जे पडदे, कमानी आणि झोत दृष्टीस पडतात त्यांना मराठीत ‘ध्रुवीय प्रकाश’ ही संज्ञा रूढ झालेली आहे. सूर्यावर क्षोभ झाला म्हणजे हा प्रकाश अधिक तेजस्वी होतो व एरवी जेथे तो दिसत नाही अशा प्रदेशांतही दिसतो, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. तिचे कारण सांगताना बहुतेक पाठ्यपुस्तकांत पुढील आशयाचे एक वाक्य आढळते: सूर्यापासून निघालेले विद्युत्‌भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळविले जातात आणि तेथील वातावरणावर आदळून प्रकाश उत्पन्न करतात.

हे वाक्य सर्वस्वी चुकीचे आहे असे नव्हे. परंतु त्यात कार्यकारणाच्या साखळीतील मधले सर्व दुवे गाळले गेले आहेत, आणि या विषयाचे खरे भौतिकविज्ञान त्या दुव्यांतच आहे. हे स्पष्टीकरण जसेच्या तसे स्वीकारले तर तीन प्रश्न अनुत्तरित राहतात. पहिला प्रश्न ऊर्जेचा. सूर्याकडून पृथ्वीपर्यंत येणाऱ्या प्रवाहातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. उलट ध्रुवीय प्रकाश उत्पन्न करणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १,००० ते १०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ही शेकडो पटींची वाढ कोठे होते? दुसरा प्रश्न स्थानाचा. कण सरळ सूर्याकडून येत असतील तर प्रकाश दिवसाच्या बाजूस अधिक असावयास हवा, किंवा निदान चुंबकीय ध्रुवावर केंद्रित व्हावयास हवा. प्रत्यक्षात तो चुंबकीय ध्रुवापासून सुमारे २० ते २५ अंश दूर असलेल्या एका कड्यात आढळतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूस, सर्वांत प्रखर असतो. तिसरा प्रश्न काळाचा. सूर्यावर तितकाच मोठा क्षोभ होऊनही एका वेळी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ होते आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ काहीच होत नाही, असे का? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने सूर्यापासून वातावरणापर्यंतची ही साखळी तपासून पाहावयाची आहे.

संबंधाचा शोध

ध्रुवीय प्रकाश व चुंबकत्व यांचा परस्परसंबंध प्रथम स्वीडनमधील उप्साला येथे ध्यानात आला. १७४१ मध्ये आंडर्स सेल्सिअस आणि त्याचा सहकारी ओलोफ ह्यॉर्टर यांना असे आढळले की, आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत असताना होकायंत्राची सूची अस्वस्थ होते. पुढे शंभर वर्षांनी, १८४३ मध्ये, श्वाबे याने सौर डागांचे आवर्तन प्रसिद्ध केले आणि १८५२ मध्ये एडवर्ड सबाइन याने पृथ्वीवरील चुंबकीय विक्षोभ त्याच आवर्तनानुसार वाढतात व घटतात असे दाखवून दिले. म्हणजे ध्रुवीय प्रकाश, चुंबकीय सूची आणि सौर डाग ही तीन टोके एका सूत्रात आली. मात्र ते सूत्र कशाचे आहे हे कोणासही ठाऊक नव्हते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा सौर डागांचे चित्र काढीत असता एका मोठ्या डागसमूहावर त्याला अकस्मात दोन अतिशय तेजस्वी ठिपके दिसले व काही मिनिटांतच ते मावळले. रिचर्ड हॉजसन यानेही स्वतंत्रपणे तेच दृश्य पाहिले. ही सौर ज्वालेची पहिली नोंद होय. त्याच क्षणी क्यू येथील चुंबकमापकावर एक लहानसा धक्का नोंदला गेला, आणि सुमारे साडेसतरा तासांनंतर पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उसळले. एरवी ज्यांनी हा प्रकाश कधी पाहिला नव्हता अशा कॅरिबियन समुद्रातील बेटांवरही तो दिसला, आणि अनेक देशांतील तारायंत्रे बंद पडली.

तथापि कार्यकारणसंबंध मान्य होण्यास बराच काळ लागला. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी या कल्पनेवर गणिती आक्षेप घेतला. सूर्याने चुंबकीय तरंगांच्या द्वारे पृथ्वीवर एक मध्यम प्रतीचे वादळ घडवून आणावयाचे तर आठ तासांत त्यास जेवढे कार्य करावे लागेल तेवढे तो प्रकाश व उष्णता यांच्या रूपाने चार महिन्यांत करतो, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून हा संबंध केवळ योगायोग समजावा, असे त्यांचे मत पडले. या हिशेबात चूक नव्हती. चूक होती ती गृहीतकात. सूर्याचा प्रभाव सर्व दिशांना पसरणाऱ्या तरंगांच्या रूपानेच पोहोचेल असे केल्व्हिन यांनी धरले होते. तो द्रव्याच्या रूपाने पोहोचत असेल तर हा आक्षेप लागू पडत नाही.

झोतापासून सौरवातापर्यंत

द्रव्याची कल्पना नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टियन बिर्कलँड यांनी प्रयोगशाळेत आणली. निर्वात पेटीत एक चुंबकित गोल टांगून त्यावर त्यांनी कॅथोड किरण सोडले, तेव्हा गोलाच्या ध्रुवांभोवती दोन प्रकाशमान कडी उमटली. ध्रुवीय प्रदेशातील प्रकाश कड्याच्या आकाराचा का, याचे हे पहिले दर्शन होते. त्यांचे सहकारी कार्ल स्टॉर्मर यांनी चुंबकीय द्विध्रुवाच्या क्षेत्रात एकेकट्या विद्युत्‌भारित कणाचे मार्ग मोठ्या परिश्रमाने गणिताने काढले, आणि दोन ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेल्या छायाचित्रांवरून ध्रुवीय प्रकाशाची उंचीही निश्चित केली.

परंतु १९११ मध्ये आर्थर शुस्टर यांनी एक मूलगामी शंका उपस्थित केली. केवळ इलेक्ट्रॉनांचा झोत सूर्यापासून निघाला तर एकाच जातीचे भार परस्परांना दूर लोटतील आणि वाटेतच तो झोत विस्कटून जाईल. या अडचणीतून मार्ग निघाला तो सिडनी चॅपमन व व्हिन्सेंट फेरारो यांच्या १९३० नंतरच्या कार्यामुळे. सूर्याकडून येणारे द्रव्य धन व ऋण कणांचे समप्रमाण मिश्रण, म्हणजे एकंदरीत उदासीन असा आयनद्रायू (प्लाझ्मा) असतो, असे त्यांनी मांडले. असा आयनद्रायू उत्तम विद्युत्‌वाहक असल्यामुळे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात शिरत नाही, तर त्यास दाबून धरतो.

चॅपमन व फेरारो यांना हे द्रव्य फक्त वादळाच्या वेळी येते असे वाटत होते. १९५१ मध्ये लुडविग बीअरमान यांनी धूमकेतूंच्या पुच्छांवरून असे अनुमान काढले की, हा प्रवाह अखंड असला पाहिजे. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी त्याची उपपत्ती दिली. दशलक्ष अंश तापमान असलेले सूर्याचे किरीट स्थिर राहूच शकत नाही. ते सतत बाहेर प्रसरण पावते व पुढे ध्वनीच्या वेगाहून अधिक वेगाने वाहू लागते. या प्रवाहास त्यांनी ‘सौरवात’ असे नाव दिले. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ या यानाने सौरवाताचे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध केले.

चुंबकांबराची सीमा

पृथ्वीजवळ सौरवाताचा वेग सामान्यतः सेकंदास ४०० किमी. व घनता दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५ प्रोटॉन इतकी असते. या दोन आकड्यांवरून त्याचा दाब काढता येतो. घनता व वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला असता तो सुमारे १·३ नॅनोपास्कल येतो. या दाबास तोंड देते ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा दाब. विषुववृत्तावर पृष्ठभागी सुमारे ३०,००० नॅनोटेस्ला असणारे हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे दहा पृथ्वी-त्रिज्या अंतरावर ते ३० नॅनोटेस्ला राहते. सीमेवरील प्रवाहांमुळे ते तेथे दुप्पट होते असे धरल्यास त्याचा दाब सुमारे १·४ नॅनोपास्कल भरतो. दोन्ही दाब दहा त्रिज्यांच्या सुमारास समतोल होतात, आणि चुंबकांबराची सूर्याकडील सीमा प्रत्यक्षात तेथेच आढळते. रात्रीच्या बाजूस मात्र सौरवात या क्षेत्रास ओढून चंद्राच्या कक्षेपलीकडे जाणारी लांब शेपटी तयार करतो.

याच ठिकाणी प्रारंभी उल्लेखिलेल्या सोप्या स्पष्टीकरणाची मर्यादा दिसून येते. सीमेजवळील क्षेत्रात सौरवातातील प्रोटॉनाच्या भ्रमणाची त्रिज्या शंभर किलोमीटरांहूनही कमी असते. चुंबकांबराचा विस्तार मात्र लक्षावधी किलोमीटरांचा आहे. म्हणून सीमेवर आलेला कण बहुधा बाहेरच्या बाहेर वळविला जातो. केवळ दाबाचा विचार केला तर पृथ्वी हे प्रवाहातील एक अभेद्य खडकासारखे अडथळारूप आहे, आणि सौरवात त्यास वळसा घालून निघून जातो. मग ऊर्जा आत शिरते कशी?

दक्षिणाभिमुख क्षेत्राचे महत्त्व

या प्रश्नाचे उत्तर १९६१ मध्ये जेम्स डंजी यांनी दिले. सौरवात आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही वाहून आणतो. पृथ्वीजवळ ते सुमारे ५ नॅनोटेस्ला इतके क्षीण असते. परंतु त्याची दिशा निर्णायक ठरते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या बलरेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. आगंतुक क्षेत्र उत्तराभिमुख असेल तर दोन्ही क्षेत्रे सीमेवर समांतर राहतात व विशेष काही घडत नाही. ते दक्षिणाभिमुख असेल तर परस्परविरुद्ध बलरेषा सीमेवर एकमेकींस भिडतात, तुटतात आणि नव्या रीतीने जोडल्या जातात. या क्रियेस चुंबकीय पुनर्जोडणी असे म्हणतात. जोडणी झालेल्या बलरेषेचे एक टोक पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशात आणि दुसरे सौरवातात असते. सौरवात पुढे वाहत राहतो, आणि ती बलरेषा ध्रुवावरून मागे ओढली जाऊन शेपटीत जमा होते.

या क्रियेतून किती विभवांतर निर्माण होऊ शकते याचा अंदाज सहज करता येतो. ४०० किमी. वेग व ५ नॅनोटेस्ला क्षेत्र यांचा गुणाकार म्हणजे दर मीटरला २ मिलिव्होल्ट. चुंबकांबराची रुंदी वीस पृथ्वी-त्रिज्या धरल्यास त्यावर अडीच लक्ष व्होल्ट विभवांतर येते. त्याचा काही अंशच आत पोहोचतो. तरीही दक्षिणाभिमुख क्षेत्राच्या काळी ध्रुवप्रदेशावर ५० हजार ते एक लक्ष व्होल्ट इतके विभवांतर उपग्रहांनी मोजले आहे. सौरवात व चुंबकांबर मिळून एक विशाल विद्युत्‌जनित्र तयार होते, आणि क्षेत्राची दिशा ही त्या जनित्राची कळ होय, असे म्हटल्यास वस्तुस्थितीचा विपर्यास होणार नाही. वर उपस्थित केलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. सौरवात कितीही वेगवान असला तरी त्याचे क्षेत्र दीर्घकाळ उत्तराभिमुख राहिले तर कळ बंद असते आणि मोठे वादळ होत नाही.

शेपटीतील साठा आणि उपवादळ

शेपटीत ओढल्या गेलेल्या बलरेषा ही साठविलेली ऊर्जा असते. हा साठा सुमारे तासभर वाढत जातो. नंतर शेपटीतील विरुद्ध दिशांच्या बलरेषांमध्ये पुन्हा जोडणी होते. ताणलेली बलरेषा गोफणीच्या दोरीप्रमाणे आखडते, व तिच्याबरोबर आयनद्रायू पृथ्वीच्या दिशेने फेकला जातो. सून-इची अकासोफू यांनी आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७–५८) जमा झालेल्या छायाचित्रांचा अभ्यास करून १९६४ मध्ये या घटनेचे ध्रुवीय आकाशातील स्वरूप वर्णिले. मध्यरात्रीच्या सुमारास एक शांत कमान एकाएकी उजळते, फुटते, ध्रुवाकडे सरकते आणि तिच्या लाटा पश्चिमेकडे धावू लागतात. यास ध्रुवीय उपवादळ असे नाव मिळाले. २००७ मध्ये सोडलेल्या थीमिस मालिकेतील पाच उपग्रहांनी शेपटीतील पुनर्जोडणी व पृथ्वीवरील प्रकाशाचे उजळणे यांचा काळक्रम मोजण्याचे काम केले.

प्रकाश रात्रीच्या बाजूस अधिक प्रखर का, या दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा यावरून होतो. इलेक्ट्रॉन सूर्याकडून थेट येत नाहीत. ते पृथ्वीच्या पाठीमागून, शेपटीतील साठ्यातून येतात. प्रकाशाचे कडे ज्या बलरेषांच्या पायथ्याशी आहे त्या बलरेषा शेपटीतील आयनद्रायूच्या पट्ट्यात जातात. प्रत्यक्ष ध्रुवावरील बलरेषा सौरवाताशी जोडलेल्या असल्याने तेथे अशा कणांचा साठा नसतो, म्हणून ध्रुवावर प्रकाश सामान्यतः मंद असतो. वादळ प्रबळ झाले म्हणजे शेपटीत अधिकाधिक बलरेषा ओढल्या जातात आणि कडे विषुववृत्ताच्या दिशेने विस्तारते.

शेवटचे काही हजार किलोमीटर

शेपटीतून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सौरवातातील इलेक्ट्रॉनांपेक्षा पुष्कळ अधिक असली तरी तेजस्वी, रेखीव पडदे निर्माण होण्यास ती पुरत नाही. १९६० मध्ये कार्ल मॅकइल्वेन यांनी अग्निबाणाच्या साहाय्याने प्रकाशमान कमानीत शिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली, तेव्हा ती सुमारे ६,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एकाच मूल्याभोवती एकवटलेली आढळली. केवळ उष्णतेमुळे गतिमान झालेल्या कणांत ऊर्जेची अशी एकरूपता येणे शक्य नाही. एकाच विभवांतरातून घसरून आलेल्या कणांचे ते लक्षण आहे. पुढील उपग्रहांनी दाखविले की, वातावरणाच्या वर काही हजार किलोमीटर उंचीवर, बलरेषेच्या दिशेत विद्युत्‌क्षेत्र असलेला एक प्रदेश तयार होतो. चुंबकांबरातून बलरेषांवरून आयनांबरात उतरणारे व पुन्हा वर जाणारे जे विद्युत्‌प्रवाह बिर्कलँड यांनी कल्पिले होते, त्यांचे वहन पुरेसे व्हावे म्हणून विरळ आयनद्रायूत असे विभवांतर उत्पन्न होते. हे प्रवाह पुढे १९६० नंतरच्या दशकात उपग्रहांवरील चुंबकमापकांनी प्रत्यक्ष पाहिले.

सर्वच पडद्यांची उपपत्ती स्थिर विभवांतराने लागत नाही. काही वेळा बलरेषांवरून धावणारे आल्फव्हेन तरंग इलेक्ट्रॉनांना आपल्या पुढे घेऊन गतिमान करतात, आणि अशा प्रसंगी त्यांची ऊर्जा एका मूल्याभोवती न एकवटता विस्तृत पट्ट्यात पसरते. या तरंगांमुळे इलेक्ट्रॉनांस प्रवेग मिळतो हे २०२१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील आयनद्रायूत मोजून दाखविले. ऊर्जेविषयीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा प्रवेग होय: शेवटची ऊर्जा इलेक्ट्रॉनास सूर्यावर मिळत नाही, ती पृथ्वीच्या परिसरात मिळते.

प्रकाश व त्याचे रंग

वातावरणात शिरलेला ५,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन बलरेषेभोवती अवघ्या पाचएक मीटर त्रिज्येने फिरत खाली येतो. पडदे इतके पातळ असू शकतात याचे हे एक कारण. त्याची ऊर्जा जितकी अधिक तितका तो खोल जातो. १०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन सुमारे १०० किमी. उंचीपर्यंत पोहोचून थांबतो. वाटेत तो नायट्रोजन व ऑक्सिजन यांना उत्तेजित व आयनित करतो.

ध्रुवीय प्रकाशातील ठळक हिरवी रेषा आंगस्ट्रॉम याने १८६७ च्या सुमारास पाहिली होती, परंतु तिचा उगम अर्धशतकाहून अधिक काळ अज्ञात राहिला. तिची तरंगलांबी ५५७७ अँगस्ट्रॉम आहे. १९२५ मध्ये टोरांटो येथे मॅक्लेनन व श्रम यांनी ती रेषा ऑक्सिजनच्या अणूपासून प्रयोगशाळेत मिळविली. उत्तेजित ऑक्सिजन अणू या रेषेचे उत्सर्जन करण्यापूर्वी सरासरी सुमारे पाऊण सेकंद थांबतो. सामान्य आणवीय संक्रमणांच्या मानाने हा काळ अतिदीर्घ आहे. ६३०० अँगस्ट्रॉमच्या लाल रेषेच्या बाबतीत तर तो जवळजवळ दोन मिनिटे आहे. १०० ते १५० किमी. उंचीवर अणूंच्या टकरी इतक्या वारंवार होतात की, लाल रेषेसाठी थांबलेला अणू आपली ऊर्जा टकरीत गमावतो. हिरव्या रेषेसाठी थांबलेल्या अणूस मात्र पुष्कळ वेळा पुरेसा अवधी मिळतो. २०० किमी.च्या वर वातावरण विरळ असल्याने लाल रेषेसही अवसर सापडतो. म्हणून हिरवा पडदा खाली आणि लाल झाक वर, अशी रचना दिसते. आयनित नायट्रोजनामुळे निळा-जांभळा रंग मिळतो, आणि अतिशय ऊर्जस्वी इलेक्ट्रॉन खोलवर शिरले तर नायट्रोजनामुळे पडद्याच्या खालच्या कडेस गुलाबी किनार येते.

सूर्यावरील मूळ कारण

आता साखळीच्या पहिल्या टोकाकडे वळू. कॅरिंग्टनच्या निरीक्षणामुळे दीर्घकाळ असा समज होता की, सौर ज्वाला हेच चुंबकीय वादळाचे कारण होय. ज्वालेतून निघालेले क्ष-किरण व जंबुपार किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचून दिवसाच्या बाजूचे आयनांबर उत्तेजित करतात; क्यू येथील तात्काळ धक्का त्यामुळेच होता. साडेसतरा तासांनी आलेले वादळ मात्र निराळ्या गोष्टीमुळे झाले. सूर्याच्या किरीटातून चुंबकीय क्षेत्रासह शेकडो कोटी टन द्रव्य एकाएकी बाहेर फेकले जाते. अशा उत्क्षेपणाचा वेग सेकंदास २,००० किमी.हूनही अधिक असू शकतो. अशी उत्क्षेपणे १९७१ पासून उपग्रहांवरील कृत्रिम खग्रास ग्रहणयंत्रांनी दिसू लागली. मोठ्या वादळांचे श्रेय ज्वालेस न देता उत्क्षेपणास द्यावे, हे १९९३ मध्ये जॉन गॉसलिंग यांनी आग्रहाने प्रतिपादिले. ज्वाला व उत्क्षेपण पुष्कळदा एकत्र घडतात, परंतु त्यांचा अविभाज्य संबंध नाही. उत्क्षेपणात पिळवटलेले प्रबळ क्षेत्र असते, आणि ते तासन्‌तास दक्षिणाभिमुख राहू शकते; म्हणूनच त्याचा परिणाम इतका तीव्र होतो.

दुसरे कारण म्हणजे किरीटातील विवरे. तेथून सेकंदास ६०० ते ८०० किमी. वेगाचा सौरवात सतत बाहेर पडतो. पृथ्वीवरून पाहता सूर्याचे भ्रमण सुमारे २७ दिवसांत पूर्ण होत असल्यामुळे असे विवर टिकून राहिल्यास मध्यम प्रतीचे विक्षोभ २७ दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा येतात. वसंत व शरद संपातांच्या सुमारास असे विक्षोभ अधिक होतात. त्या काळी पृथ्वीच्या व सूर्याच्या चुंबकीय अक्षांची परस्परस्थिती दक्षिणाभिमुख घटकास अनुकूल असते, हे रसेल व मॅकफेरॉन यांनी १९७३ मध्ये दाखविले.

कुलाबा, अलिबाग आणि खालचे अक्षांश

ध्रुवीय प्रकाश महाराष्ट्रापासून दूर असला तरी त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा पुरावा मुंबईत नोंदलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी तेथील निरीक्षकांनी चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटल्याची नोंद केली. २००३ मध्ये या नोंदीचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा ती जगभर चर्चेचा विषय झाली. युरोपातील स्वयंचलित यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या असताना ही डोळ्यांनी घेतलेली वाचने अखंड राहिली होती. तासाची सरासरी घेतल्यास हा आकडा बराच लहान होतो, आणि ही घट केवळ वलयप्रवाहाची की उच्च अक्षांशांतील प्रवाहांचाही त्यात वाटा होता, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

वलयप्रवाह म्हणजे वादळकाळी शेपटीतून आत ढकलल्या गेलेल्या आयनांचा, पृथ्वीभोवती काही त्रिज्यांच्या अंतरावर पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह. तो विषुववृत्ताजवळचे क्षेत्र क्षीण करतो. मुंबईसारख्या सुमारे १० अंश चुंबकीय अक्षांशावरील स्थळी वादळाची मापने महत्त्वाची ठरतात ती यामुळे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उघडण्यात आली, आणि दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी निरीक्षणे घेऊन ही मालिका तुटू दिली नाही. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणांचे नानाभाई मूस यांनी केलेले संकलन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

खालच्या अक्षांशांवरून हा प्रकाश दिसतो तेव्हा तो बहुधा लालच असतो. याचे कारण भूमितीत आहे. ११० किमी. उंचीवरील हिरवा प्रकाश क्षितिजावर सुमारे १,२०० किमी. अंतरावरून दिसू शकतो; ४०० किमी. उंचीवरील लाल प्रकाश मात्र सुमारे २,२५० किमी. अंतरावरून, म्हणजे जवळजवळ २० अंश दूरवरून दिसतो. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त त्या काळच्या वृत्तपत्रात आलेले आहे. या हिशेबाने त्या रात्री प्रकाशाचे कडे चुंबकीय अक्षांश ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरले असले पाहिजे. अलीकडे १० व ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशात लाल प्रकाश टिपला.

भाकिताचा प्रश्न

या सर्व विवेचनास केवळ तात्त्विक महत्त्व आहे असे नव्हे. १३ मार्च १९८९ च्या वादळात आयनांबरातील प्रवाहांमुळे जमिनीत प्रेरित झालेल्या विद्युत्‌प्रवाहांनी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था सुमारे दीड मिनिटात कोसळली, आणि सुमारे साठ लक्ष लोक नऊ तास विजेवाचून राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर मध्यम प्रतीच्या विक्षोभाने वरचे वातावरण तापून फुगल्यामुळे नुकतेच सोडलेले ३८ उपग्रह नष्ट झाले.

अशा प्रसंगी उपयोगी पडेल ते भाकीत कोणते? सूर्यावरील उत्क्षेपण दुर्बिणीतून दिसते, आणि ते पृथ्वीवर केव्हा पोहोचेल याचा अंदाज काही तासांच्या फरकाने करता येतो. परंतु त्याच्या पोटातील क्षेत्र उत्तराभिमुख आहे की दक्षिणाभिमुख, हे ते जवळ येईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लक्ष किमी. अंतरावरील समतोल बिंदूजवळ ठेवलेली याने हे क्षेत्र प्रत्यक्ष मोजतात. भारताचे आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी त्या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावर सौरवातातील कण व चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे आहेत. तेथून पृथ्वीपर्यंत सौरवातास सामान्य वेगाने सुमारे एक तास, व वेगवान वादळात अर्धा तास किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. खात्रीची पूर्वसूचना आज तेवढीच मिळते.

सारांश, ध्रुवीय प्रकाश हा सूर्याने पृथ्वीवर केलेला कणांचा वर्षाव नव्हे. सूर्य ऊर्जा पुरवितो. आगंतुक क्षेत्राची दिशा ती आत घ्यावयाची की नाही हे ठरविते. चुंबकांबराची शेपटी ती साठवून सोडते. वातावरणावरील विद्युत्‌क्षेत्र व तरंग इलेक्ट्रॉनांना अंतिम वेग देतात. आणि ऑक्सिजन व नायट्रोजन त्यास रंग देतात. यांपैकी कोणताही एक दुवा गळला तर दृश्य तरी निर्माण होत नाही किंवा त्याचे स्पष्टीकरण तरी अपुरे राहते. उत्क्षेपणाच्या पोटातील क्षेत्राची दिशा ते सूर्यापासून निघतानाच कशी ओळखावी, हा या साखळीतील आजचा सर्वांत निकडीचा प्रश्न आहे. सूर्यभौतिकी, आयनद्रायूचे गणित आणि निरीक्षणांचे विश्लेषण या तिन्हींचा त्यात संगम होतो. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस संशोधनासाठी याहून सकस क्षेत्र क्वचितच सापडेल.